ब्रेकचं पेडल पुन्हा पुन्हा खाली जातंय? हवा काढण्याआधी हे तपासा

जुन्या गाडीचं ब्रेक पेडल मऊ लागायला लागलं, नेहमीपेक्षा खाली जायला लागलं, की आपल्याकडे उपाय ठरलेला असतो. गाडी गॅरेजला न्यायची, चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढायची, वरून ब्रेक ऑइल भरायचं. पेडल वर येतं आणि आपण निर्धास्त होतो. मग थोड्याच दिवसांत घोडबंदर रोडच्या गर्दीत, पुढचा टेम्पो अचानक थांबतो तेव्हा, पाय पुन्हा नको तितका खाली जातो. परत गॅरेज, परत हवा. वर्षानुवर्षं असंच चाललेल्या कितीतरी गाड्या मी ठाण्यात पाहिल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांच्या ब्रेकमध्ये हवा नव्हतीच.

ब्रेकची यंत्रणा बंद असते. पेडल मास्टर सिलेंडरचा पिस्टन ढकलतं, त्याच्यापुढचं ऑइल नळ्यांमधून चाकांपर्यंत दाब नेतं, तिथे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला पॅड आणि ड्रमला लायनर जाऊन भिडतात. यात हवा आपोआप शिरत नाही. मास्टर सिलेंडरवरची ऑइलची बाटली कधीतरी रिकामी झाली असेल, कोणी नळी सोडवली असेल किंवा एखादं रबर खराब झालं असेल, तरच ती शिरते. म्हणून ‘हवा धरली होती’ एवढं सांगून गाडी परत मिळाली, तर ‘कुठून धरली?’ हे विचारलंच पाहिजे. त्याचं उत्तर मिळालं नसेल तर दुरुस्ती झालेली नाही.

खाली लिहिलंय ते प्रामुख्याने पुढे डिस्क, मागे ड्रम आणि एबीएस (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या गाड्यांबद्दल आहे. झेन, वॅगनआर, जुनी सँट्रो अशा, पंधरा वर्षं उलटून गेलेल्या आणि आरटीओत पुन्हा नोंदणी करून रस्त्यावर असलेल्या कितीतरी गाड्या या प्रकारात बसतात.

आधी पायाला विचारा

गाडी सपाट जागेवर उभी करा, इंजिन बंद. पेडल पाच-सहा वेळा दाबून सोडा, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम संपेल आणि खरी परिस्थिती पायाला कळेल. आता पेडल सावकाश दाबा आणि दाबून धरा. तीनपैकी एक गोष्ट जाणवेल.

पेडल लिबलिबीत लागतं, दाबावं तितकं दबत जातं आणि कुठेच ठाम थांबत नाही, असं असेल तर हवेचा संशय रास्त आहे. फुगलेली रबरी नळीही यातच येते.

पेडल बरंच खाली जातं पण तिथे पोचल्यावर अगदी घट्ट होतं, आणि लगेच दुसऱ्यांदा दाबलं तर चांगलं वर मिळतं, असं असेल तर ऑइलपेक्षा चाकाकडे बघा. लायनर आणि ड्रममधलं अंतर वाढलेलं असतं. पहिल्या दाबात ते अंतर कापण्यातच ऑइल खर्च होतं. लायनर पूर्ण मागे फिरायच्या आत दुसरा दाब आला, की पेडल वर लागतं.

तिसरा प्रकार सगळ्यात धोक्याचा. पेडल आधी व्यवस्थित वर मिळतं, पण दाबून धरलं की हळूहळू खाली सरकत राहतं. म्हणजे ऑइल कुठेतरी निसटतंय, एकतर बाहेर किंवा मास्टर सिलेंडरच्या आतल्या आत.

पेडल दाबलेलं ठेवून इंजिन सुरू केलं की ते किंचित खाली जातं. तो बिघाड नव्हे, बूस्टर काम करत असल्याची ती खूण आहे. तसंच पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर ब्रेक नीट लागत नसतील पण पेडल नेहमीच्याच जागी असेल, तर लायनर ओले झालेत. तो प्रश्न वेगळा.

हँडब्रेक ओढून पाहा

वरच्या तिन्हींपैकी दुसरा प्रकार माझ्या पाहण्यात सर्वात जास्त येतो आणि सर्वात जास्त वेळा त्यावर हवा काढण्याचाच इलाज होतो. त्याची परीक्षा पार्किंगमध्ये, एकही पाना हातात न घेता होते. पेडल दाबून किती खाली जातं ते लक्षात ठेवा. आता हँडब्रेक पूर्ण ओढा आणि पुन्हा दाबा. पेडल स्पष्टपणे वर आलं, तर मागचे लायनर ड्रमपासून फार लांब बसलेत. हँडब्रेकने ते ड्रमला टेकवले, ऑइलचं तेवढं काम वाचलं, म्हणून पेडल वर आलं. हवा असती तर हँडब्रेक ओढून एवढा फरक पडला नसता.

वर्तकनगरमध्ये शेजारच्या इमारतीतल्या एका काकांच्या गाडीवर ही परीक्षा करून दाखवली, तर काका म्हणाले, “अहो, मागच्या महिन्यातच नवे लायनर टाकलेत.”

“काका, टाकले असतील, पण अ‍ॅडजस्ट केलेत का?”

ते त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. नवे लायनर बसवले म्हणजे अंतर आपोआप जुळतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. ड्रम आतून झिजलेला असतो, त्याच्या कडेला पाळीसारखी धार उरलेली असते, आणि तिच्यावरून ड्रम सरकवून बसवता यावा म्हणून लायनरचं अंतर जुळवणारा अ‍ॅडजस्टर मागे फिरवावा लागतो. तो परत पुढे आणायचं राहून गेलं की पेडल खाली जाणारच.

मग हवा काढल्यावर पेडल वर कसं येतं? कारण त्याच वेळी फिटर सहसा हँडब्रेकची केबलही थोडी टाइट करतो. श्रेय मात्र हवेला मिळतं. केबल टाइट करणं हीच दुखणं परत परत येण्याची मोठी वाट आहे. मागचे लायनर विश्रांतीच्या जागी पूर्ण येऊन बसले, तरच आपोआप जुळवून घेणारा अ‍ॅडजस्टर पुढे सरकू शकतो. केबलने ते ओढून धरले की अ‍ॅडजस्टर जागच्या जागी राहतो, लायनर झिजत जातात, आणि केबल थोडी सैल पडली की पेडल पुन्हा खाली. त्यात ड्रम घासत राहून तापतात ते निराळंच.

म्हणून क्रम असा हवा: हँडब्रेक सोडा, केबल ढिली करा, लायनर जुळवा, आणि शेवटी केबल. गाडी जॅकवर घेताना पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके किंवा दगड लावा, मागे स्टँड लावा. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली हात घालू नका. लायनर इतके पुढे आणा की चाक हाताने फिरवताना घासल्याचा बारीक आवाज येईल, पेडल दोन-तीनदा दाबून लायनर मध्यावर बसू द्या, पुन्हा फिरवून पाहा, आणि चाक मोकळं फिरेपर्यंत किंचित मागे घ्या.

ड्रम गंजून अडकला असेल तर हातोडीने ठोकत सुटू नका. बऱ्याच मारुती गाड्यांच्या ड्रमवर आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यात ८ मिलिमीटरचे दोन बोल्ट थोडे थोडे आळीपाळीने फिरवले, की ड्रम बाहेर येतो. आत तीन गोष्टी नीट बघा. अ‍ॅडजस्टर हाताने हलतो की गंजून एकजीव झालाय? लायनर ढकलणाऱ्या व्हील सिलेंडरच्या रबरी टोपीची कड उचलल्यावर आत ओल आहे का? आणि ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासापलीकडे ड्रम झिजलाय का? ड्रमच संपला असेल, तर कितीही लायनर बदला, पेडल वर राहणार नाही. ड्रम लेथवर फिरवून पुढे चालवायचा मोह त्या कमाल व्यासाच्या आत बसत असेल तरच करा.

चाकी फिरवून जुळवण्याचा अ‍ॅडजस्टर असेल तर आणखी एक तपासा. डाव्या आणि उजव्या चाकाच्या अ‍ॅडजस्टरचे आटे उलटसुलट असतात. लायनर बदलताना दोन्ही बाजूंचे सुटे भाग एकाच ट्रेमध्ये ठेवले आणि अदलाबदल झाली, तर लायनर पुढे येण्याऐवजी अ‍ॅडजस्टर हळूहळू आखडत जातो. दुरुस्तीनंतर पेडल उत्तम आणि मग दर आठवड्याला थोडं खाली, असा अनुभव असेल तर दोन्ही ड्रम उघडून हे पाहायलाच हवं. एका वेळी एकच बाजू सोडवली तर अदलाबदलीचा प्रश्नच येत नाही.

पुढच्या चाकांकडूनही असं घट्ट-पण-खाली पेडल मिळू शकतं. व्हील बेअरिंगमध्ये खेळ असेल किंवा डिस्क वाकडी असेल तर ती पॅडना ढकलून मागे सारते. खड्ड्यांच्या रस्त्याने गाडी आली की पहिला ब्रेक खाली, दुसरा जागेवर. चाक वर-खाली धरून हलवून पाहा. पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना जाम असतील तर एक पॅड जास्त झिजतो किंवा तिरका झिजतो. पॅड काढून शेजारी शेजारी ठेवले की लगेच दिसतं.

पेडल सरकत असेल तर

मास्टर सिलेंडर म्हणजे इंजेक्शनच्या सिरिंजसारखी रचना. आत पिस्टनवर रबरी कप असतात. ते झिजले की ऑइल पुढे जाण्याऐवजी कपाच्या कडेने मागे येतं. बाहेर थेंबसुद्धा पडत नाही, बाटलीतली पातळी तीच राहते, आणि पेडल मात्र खाली जातं.

हा बिघाड जोराच्या ब्रेकमध्ये लपून बसतो. जोरात दाबलं की दाबामुळे कपाची कड पसरून भिंतीला चिकटते आणि पेडल टिकतं. हलक्या पायाने दाबलं की गळतं. तीन हात नाक्याच्या सिग्नलला पाय नुसता टेकवून उभे आहात आणि पेडल सावकाश खाली चाललंय, गाडी पुढे सरकतेय, हे त्याचं अगदी खास लक्षण. म्हणून तपासताना इंजिन चालू ठेवून, हलक्या आणि एकसारख्या दाबाने किमान अर्धा मिनिट पेडल धरा. फिटरने एकदा जोरात दाबून “साहेब, पेडल टाइट आहे” म्हटलं, तर तेवढ्यावर गाडी घेऊन निघू नका.

बाटलीतली पातळी उतरत असेल तर ऑइल बाहेर जातंय. बाटलीवर मार्करने आजची खूण करा. पॅड झिजतात तशी पातळी महिन्यामहिन्याने थोडी उतरते, ते साहजिक आहे. तेवढ्यासाठी वरून ओतत राहू नका, कारण त्यामुळे खरी गळती झाकली जाते, आणि नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले की तेच ऑइल बाहेर सांडतं. त्याने रंग उडतो. सांडलंच तर ताबडतोब भरपूर पाण्याने धुवा. चार-आठ दिवसांत खुणेपासून फरक दिसला, किंवा वळणावर आणि उतारावर हँडब्रेकचा लाल दिवा लुकलुकला, तर गळती शोधा. बऱ्याच गाड्यांत तोच दिवा ऑइल कमी झाल्याचंही सांगतो.

शोधण्याच्या जागा: चारही चाकांची आतली बाजू, पुढच्या रबरी नळ्या जिथे वळतात तो भाग, मागच्या अ‍ॅक्सलजवळचा भारानुसार दाब वाटणारा व्हॉल्व्ह असेल तर तो, आणि गाडीखालून जाणारे लोखंडी पाइप. खाडीकाठची खारट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी क्लिपांच्या खाली हे पाइप गंजतात. क्लिप हलवल्याशिवाय तो गंज दिसत नाही. कळवा, वाशी, बेलापूरकडच्या गाड्यांत मी हे आवर्जून पाहतो. महिनोन्महिने सोसायटीत झाकून ठेवलेल्या गाडीत व्हील सिलेंडर आतून गंजलेले असतात, आणि गाडी पुन्हा वापरात आली की त्यांची रबरं त्या खरखरीत भागावर फाटतात.

सगळीकडे कोरडं, तरी ऑइल गायब? मग मास्टर सिलेंडर बूस्टरला जिथे जोडलेला असतो तिथे बघा. मागचा कप गेला की ऑइल थेट बूस्टरच्या पोटात जातं, जमिनीवर डाग पडतच नाही. दोन नट सोडून सिलेंडर थोडा पुढे ओढला की ओल दिसते. अशी गाडी वारंवार ऑइल भरून चालवली जाते आणि दर वेळी ‘हवा धरते’.

दोष कुठल्या चाकात आहे हे कळत नसेल, तर जाणता फिटर रबरी नळ्यांवर गोल जबड्याचे क्लॅम्प लावतो. सगळ्या नळ्या बंद केल्यावर पेडल वर आणि घट्ट झालं तर मास्टर सिलेंडर ठीक. तरीही खाली जात असेल तर दोष तिथेच. मग एकेक क्लॅम्प सोडायचा, आणि ज्या चाकाला पेडल पडेल तिकडे शोधायचं. साध्या पकडीने नळी चिमटू नये, आणि चिरा पडलेली नळी तर आधी बदलावी. नवी नळी पेडलचा लिबलिबीतपणाही बऱ्याचदा घालवते, कारण जुनी नळी दाबाखाली फुगत असते.

ऑइलकडे दुर्लक्ष नको

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ प्रकारच्या ताज्या ऑइलचा उकळबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो. तेच ऑइल ३.७ टक्के पाणी शोषलेलं असेल तर ही किमान मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५. नाशिकहून येताना कसारा घाट सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर कॅलिपर प्रचंड तापतात, ओल धरलेलं ऑइल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल तळाला जातं. गाडी गार झाल्यावर वाफ विरते, पेडल परत येतं, आणि ठाण्यात गॅरेजला दाखवलं तर काहीच सापडत नाही. पेडल फक्त घाटात किंवा येऊरच्या उतारावर जात असेल आणि एरवी बरं असेल, तर सगळं ऑइल बदला. दर दोन वर्षांनी ते बदलणं हा साधा नेम आहे. विकत आणून उघडून ठेवलेल्या अर्ध्या बाटलीतलं वापरू नका. आणि घाट उतरताना गिअर खालचा ठेवा.

बाटलीत इंजिन ऑइल, पॉवर स्टिअरिंगचं ऑइल यांपैकी काहीही पडलं, किंवा व्हील सिलेंडरचे भाग पेट्रोल-डिझेलने धुतले, तर ब्रेकमधली रबरं फुगतात. बाटलीच्या झाकणातलं रबर फुगून वेडंवाकडं झालं असेल तर समजा की आतलीही गेली. मग एखाद्या सिलेंडरचं नुसतं रबरांचं किट बदलून भागत नाही. सगळी रबरं आणि नळ्या बदलाव्या लागतात. रबरी भाग धुवायला ताजं ब्रेक ऑइलच वापरायला सांगा, आणि किट डुप्लिकेट घेऊ नका. इथे वाचवलेले शेदोनशे रुपये फार महाग पडतात.

हवा काढायचीच असेल तर

कारण सापडलं, ते दूर केलं, त्यासाठी नळी किंवा सिलेंडर उघडला, तर हवा काढावीच लागेल. मास्टर सिलेंडरपासून सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची ही सर्वसाधारण रीत. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत ते मागचं डावं चाक असतं. गाडीच्या पुस्तकात वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळा. काम चालू असताना बाटली एकदाही रिकामी होऊ देऊ नका. नवा मास्टर सिलेंडर असेल तर त्यातली हवा गाडीवर चढवण्याआधीच काढून घ्या, नाहीतर ती वरच अडकून बसते आणि चाकांकडून कितीही ऑइल काढलं तरी निघत नाही.

दोन गोष्टींकडे उभं राहून लक्ष द्या. एक, हवा काढताना पेडल तळापर्यंत दणादण दाबलं जातं. रोजच्या वापरात मास्टर सिलेंडरचा पिस्टन तेवढा पुढे कधीच जात नाही, त्यामुळे तो भाग गंजलेला, खरखरीत असतो. त्यावरून कप गेला की त्याची कड कापली जाते. म्हणजे हवा काढायला नेलेली गाडी मास्टर सिलेंडर खराब होऊन परत येते. पेडलखाली लाकडाचा जाड तुकडा ठेवला की हे टळतं. दोन, कॅलिपर बदलला किंवा उघडला असेल तर हवा काढायचं निप्पल कॅलिपरच्या वरच्या बाजूला आहे ना, ते पाहा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल होऊन बसवला तर गाडी चालते, ब्रेकही लागतो, पण निप्पल खाली जातं. हवा वर राहते आणि जन्मभर निघत नाही. ज्या गाडीचं पेडल दर हवा काढल्यावर ‘जवळपास’ बरं होतं पण पूर्ण कधीच नाही, तिथे ही एक नजर पुरते.

काम झाल्यावर लगेच रस्त्यावर जाऊ नका. इंजिन चालू करून पेडल जोरात दाबून धरा. कोणीतरी खाली बघून प्रत्येक जोड कोरडा आहे याची खात्री करा. मग हलक्या दाबाची अर्ध्या मिनिटाची परीक्षा. मग सोसायटीच्या आवारात चालत्या माणसाच्या वेगाने ब्रेक, नंतर रिकाम्या रस्त्यावर हळूहळू वेग वाढवत. ड्रम, डिस्कजवळ हात नेऊन उष्णता पाहा, हात लावू नका. एकच चाक जास्त तापत असेल तर तिथे लायनर किंवा कॅलिपर अडकतोय.

आणि पेडल एकदा जरी तळाला टेकलं असेल, किंवा दाबून धरल्यावर सरकत असेल, तर ती गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका. टो करून न्या, नाहीतर फिटरला घरी बोलवा. मास्टर सिलेंडरमध्ये दोन वेगळे भाग असतात, एक गेला तरी दुसऱ्यावर गाडी थांबते खरी, पण थांबायला लागणारं अंतर खूप वाढतं. चालत्या गाडीत असं झालंच तर पेडल भराभर दाबत राहा, गिअर एकेक खाली आणा आणि हँडब्रेक बटण दाबून धरूनच थोडा थोडा ओढा. एकदम ओढला तर मागची चाकं घसरतात.